मदत हवी आहे: बाबांच्या लिव्हरच्या गाठीसाठी ड्युअल एनर्जी सीटी करावा का?

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं). गेल्या महिन्यात ट्रिपल फेज सीटीत (शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन टप्प्याटप्प्याने काढलेला स्कॅन) ३.८ सेंमीची गाठ निघाली. आर्टेरियल फेजमध्ये (औषध धमनीतून पोचतं तो पहिला टप्पा) उजळते, नंतर वॉशआउट (म्हणजे आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा फिकी पडते), रिपोर्टवर एलआर-५ (लिव्हरच्या गाठींच्या वर्गवारीतली 'नक्की लिव्हरचा कॅन्सर' ही पायरी). म्हणजे कॅन्सरच, बायोप्सीशिवायही. पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त आणणारी मोठी शीर) मोकळी आहे, तेवढंच बरं.

सर्जन ऑपरेशनला तयार आहेत, पण रिपोर्टातल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं: गाठीची कड ओबडधोबड, भोवती आर्टेरियल फेजमध्ये जास्तीचा उजाळा. यावरून कॅन्सर बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्याची शंका येते. तसं असेल तर तो परत उद्भवायचा धोका वाढतो, आणि गाठीभोवतीचा चांगला भागही जास्त कापावा लागू शकतो. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये तो शिल्लक तरी किती! पक्कं उत्तर काढलेल्या तुकड्यावर मायक्रोस्कोपखालीच मिळतं, हे मला कळतं. तरी अंदाजासाठी त्यांनी ड्युअल एनर्जी सीटी (दोन वेगळ्या ऊर्जेच्या एक्स-रेंनी काढलेला स्कॅन) सुचवलाय. त्यात गाठीत कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन किती उतरतं ते मोजता येतं.

माझी अडचण अशी की बाबांचं क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे किडनीचं काम थोडं कमी, आणि कॉन्ट्रास्टचा ताण किडनीवर येईल अशी भीती वाटते. महिन्याभरात पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यायचा का? की आधीच्याच सीडीवर दुसऱ्या, लिव्हरचंच काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं मत घ्यावं? कॉन्ट्रास्ट एमआरआयने भागेल का, हेही सर्जनना विचारायचंय. कुणाच्या घरी हा स्कॅन झाला असेल तर सांगा, त्याने ऑपरेशनचा बेत खरंच बदलला का? काढे-चूर्णं कृपया सुचवू नका, फ्रिजवर आधीच तीन बाटल्या आहेत.