जर्मनीतील शेजार : तक्रार तोंडी करावी की लेखी?

मृण्मयी_श्टुटगार्ट :
इथल्या रविवारच्या शांततेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुकाने बंद असतात, ड्रिल चालवायचे नसते, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या डब्यात टाकायच्या नसतात. १९१९ च्या वायमार घटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या जर्मन घटनेनेही कायम ठेवले आहे, आणि ते मला मनापासून पटते. मला अस्वस्थ केले ते वेगळ्याच गोष्टीने. गेल्या महिन्यात आमच्या टपालपेटीत खालच्या मजल्यावरच्या आजींची सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी निघाली. तिच्यात कोणत्या दिवशी सकाळी किती वाजता मिक्सर लागला आणि कोणत्या रात्री दहानंतर आमचा मुलगा धावत होता, याची तारीखवार नोंद होती आणि खाली सही होती. या आजी मला जिन्यात नेहमी भेटतात, हसून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात आणि मुलाची चौकशीही करतात. मग एवढे दिवस मनात ठेवून, वहीत टिपून, एक अक्षरही तोंडावर न बोलणे याला शेजारधर्म म्हणायचे का? माझ्या मते ही पाळत आहे आणि ‘इथली पद्धत’ म्हणून ती मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही.

नेकारकाठ :
आपली अस्वस्थता समजते, पण पाळतीचा आरोप अन्यायाचा आहे. इथल्या भाडेकायद्यानुसार सततच्या आवाजाने घराचा उपभोग बिघडत असेल, तर भाडेकरू कमी भाडे देण्याचा हक्क सांगू शकतो, आणि अशा वादात आवाज कधी आणि किती वेळ झाला हेच आधी विचारले जाते. त्यामुळे तारखा टिपणे ही इथल्या माणसाची सवय आहे. तीत वैर नसते. आजींना थेट घरमालकाला लिहिता आले असते, पण त्यांनी आधी आपल्याला लिहिले, हे सौजन्यच आहे.
आणि आपल्याकडची तोंडी पद्धत खरोखर दुबळ्याच्या कामी येते का? भारतातही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. सणांसाठी मोजक्या दिवसांची सवलत तेवढी मिळते. तरीही लग्नाच्या वरातीपुढे जाऊन ‘घरात आजारी माणूस आहे’ असे सांगण्याची हिंमत किती जण करतात? एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला कागदाचा आधार वाटत असेल, तर तो तिच्याकडून काढून घेऊ नये.

सई_म्युनिक :
मी मृण्मयीताईंशी सहमत आहे, कारण या कागदांची किंमत घरातली माणसे मोजतात. २०११ मध्ये इथल्या कायद्यातच दुरुस्ती झाली, की पाळणाघरे आणि खेळाची मैदाने येथून येणारा मुलांचा आवाज सहसा हानिकारक मानू नये. पण चिठ्ठी आलेल्या घरातली आई कायदा वाचत बसत नाही, ती मुलाला चवड्यांवर चालायला शिकवते. माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या, तेव्हा दाण्याचे कूट करताना त्या खलबत्त्याखाली टॉवेलची चौघडी घालत आणि दोन घाव घातले की थांबून खालची चाहूल घेत. पुढे त्यांनी कूट करणेच सोडले. कोणी त्यांना रागावले नव्हते, आणि म्हणूनच नेमके किती चालते हे विचारायलाही कोणी नव्हते.

जिना_दुसरा_मजला :
श्टुटगार्टमध्ये ज्याची जिना झाडण्याची पाळी असते, त्याच्या दारावर ‘केरवोख’ची पाटी लटकवतात. आमच्या दारावर ती पहिल्यांदा आली तेव्हा मलाही अपमान वाटला होता. पण ती पाटी डॉक्टरांच्या दारावरही लागते आणि विद्यार्थ्याच्याही. समोरासमोरच्या बोलण्यात आपल्याकडे वय, मान आणि ओळख आड येते. इथे तसे होत नाही.

मृण्मयी_श्टुटगार्ट :
भाडेकायद्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि दहानंतर मुलाला आवरणे हे आमचे कामच आहे. तरीही पहिल्याच पत्रात तारखांची यादी देणे म्हणजे ओळखीच्या माणसाला थेट पुराव्यांसह गाठणे आहे. वाद चिघळला तर नोंदींना अर्थ आहे, त्याआधी नाही. मिक्सर आता आठनंतरच लागेल, रविवारी लागणारच नाही. पण या शनिवारी मी खाली जाऊन माझा फोन नंबर देणार आहे आणि पुढच्या वेळी सरळ बेल वाजवा, असे सांगणार आहे.

नेकारकाठ :
जरूर जा, मात्र आदल्या दिवशी पेटीत चिठ्ठी टाकून वेळ विचारा. न कळवता दारात येणारा माणूस त्यांनाही तितकाच अस्वस्थ करील.