मदत हवी आहे: एपिजेनेटिक खुणा पुढच्या पिढीत खरंच जातात का?

शाळेत एपिजेनेटिक्सवर बोलायचंय आणि एका जागी पार अडकलोय. डीएनएचा क्रम तोच राहतो, वर मिथाइल गट (छोटे रासायनिक गट, एपिजेनेटिक खुणांचा एक प्रकार) चिकटले की जनुक सहसा गप्प होतं, इथवर ठीक. १९४४-४५ च्या डच उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जनुकावर सहा दशकांनीही या खुणा कमी सापडल्या, हे वाचलंय. पण ती मुलं तेव्हा पोटातच होती, म्हणजे झळ त्यांना थेटच लागली, आणि मुलीच्या गर्भात तर तिची बीजांडंही तयार होत असतात, म्हणजे नातवंडंसुद्धा त्यातच आली! शिवाय फलनानंतर बऱ्याचशा खुणा पुसल्या जातात. उंदरांवरचे प्रयोग माहितीयत, ते नकोत. माणसात, थेट झळ न लागलेल्या पणतवंडांपर्यंत खूण पोचल्याचा भक्कम पुरावा आहे का?