प्रोस्टेटची सुई सुरू करण्याआधी नवराबायकोला विचारायला नको का?

शहापूरकर
मंडळी, नवराबायकोच्या संबंधांचा विषय घरात कुणी काढत नाही म्हणून इथे काढतो. आमचे दाजी, वय ६१, बेळगावच्या वडगावात पॉवरलूम आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला निघाला, बायोप्सीत कॅन्सर आला, ग्लीसन ८, म्हणजे जोरकस जातीचा. हाडं स्वच्छ. डॉक्टरांनी शेक (रेडिएशन) आणि दर तीन महिन्यांनी हार्मोनची एक सुई, अशी दोन वर्षं सांगितली. उपचार योग्यच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. "थोडं गरम गरम वाटेल, थकवा येईल" एवढंच सांगून सही घेतली. संमतीपत्र इंग्रजी-कन्नडमध्ये. दाजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आता ऐन थंडीत माणूस रात्री घामाने भिजतो, उठून बनियन बदलतो आणि सोप्यात जाऊन झोपतो. अक्काला वाटलं आपलंच काही चुकलं. दाजींना वाटलं आपण संपलो. सुईमुळे असं होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बरं, हा काही एखाद्याला होणारा किरकोळ त्रास नाही. सुईचं कामच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बंद पाडायचं आहे, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर त्याच्यावर पोसतो. इच्छा जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग दोघांना समोर बसवून सांगायला काय जातं? माझं मत एवढंच, की ही सुई नवराबायकोशी या विषयावर बोलल्याशिवाय देऊ नये.

निपाणीकर
शिर सलामत तर पगडी पचास. आमच्या वडिलांना लघवी तुंबेपर्यंत कळलं नाही, आणि कळलं तेव्हा गाठ मणक्यात पोचलेली. एका रात्रीत पाय गेले. पुढे दोन वर्षं अंथरुणावर, कूस बदलायला दोन माणसं. त्यांना कुणी सुखाबद्दल विचारलं असतं तर हसले असते. तुमच्या दाजींचं वेळेत सापडलंय, देवाचे आभार माना. ६१ व्या वर्षी नातवंडं खेळवायची की हे?

कुंदाप्रेमी
@निपाणीकर, ६१ म्हणजे काय म्हातारपण झालं काय ओ? रिटायर होऊन वर्ष झालेलं असतं. तुमच्या वडिलांचं वाईट झालं, पण त्यांचा आजार आणि दाजींचा आजार एका मापाने मोजू नका. आणि नातवंडांचं म्हणाल, तर मीही आजोबा आहे. आमचं अजून बरं चाललंय, उगाच निकाली काढू नका.

अनगोळची काकू
पुरुषांनीच बोलायचं ठरवलं असेल तर माफ करा, पण यात बायकोही आहे. आमच्या यांचा कॅन्सर हाडात गेला होता. सुयांचा खर्च झेपेना, म्हणून ऑपरेशन करून वृषणं काढली. एकदाच खर्च, दुसऱ्या दिवशी घरी. कागदावर सही माझी, पण मला विचारलं कुणी नाही.

शहापूरकर, तुमचं म्हणणंही मला अर्धंच पटलं. संबंध थांबले याचं मला फारसं काही वाटलं नाही. यांनी पाठीवर हात ठेवायचंही सोडलं, ते लागलं. हात ठेवला तर पुढची अपेक्षा येईल ही त्यांना भीती, आणि मी जवळ गेले तर त्यांना अपमान वाटेल ही मला. असं वर्ष गेलं. शेवटी मीच एकदा भांडले. ते भांडण डॉक्टरांनी आधीच मिटवून दिलं असतं तर बरं झालं असतं.

औषधवाला
दुकानात रोज या विषयाची चिठ्ठी येते, म्हणून थोडं सविस्तर. सगळ्यांना एकच फूटपट्टी नाही. गाठ सौम्य, कमी धोक्याची असेल तर ही सुई बहुतेक लागतच नाही, नुसती देखरेख चालते. मध्यम धोक्यात शेकासोबत साधारण सहा महिने. दाजींसारख्या जास्त धोक्यात दीड ते तीन वर्षं. हाडात गेला असेल तर बहुधा कायमची.

युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांपेक्षा तीन वर्षं घेणारे जास्त जगले. म्हणजे लवकर सोडणं धोक्याचं. पण कॅनडात १८ आणि ३६ महिन्यांची तुलना झाली तेव्हा जगण्यात ठळक फरक दिसला नाही आणि १८ वाल्यांचे दिवस बरे गेले. दाजींनी विचारायचा प्रश्न हा आहे.

थांबून थांबून सुई देण्याचाही एक मार्ग आहे. शेकानंतर पीएसए पुन्हा वाढलेल्यांवर २०१२ साली छापलेल्या अभ्यासात थांबून घेणारे साधारण ८.८ वर्षं जगले, सलग घेणारे ९.१. घाम कमी, इच्छा थोडी परत. मात्र हाडात पसरलेल्यांत २०१३ च्या अभ्यासाला अशी बरोबरी सिद्ध करता आली नाही. काकूंच्या घरी हा मार्ग कामाचा नव्हता.

टेस्टोस्टेरॉन बंद न पाडता नुसता त्याचा असर अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्यांवर इच्छा तुलनेने टिकते, पण छाती फुगते, दुखते, आणि पसरलेल्या आजारात त्या एकट्या कमी पडतात. आणि एक हात जोडून सांगतो: ताठरतेची निळी गोळी इच्छा आणत नाही. हृदयासाठी सॉर्बिट्रेट चालू असलेल्याने तर तिला हातच लावू नये, रक्तदाब कोसळतो. चिठ्ठीशिवाय मागायला येतात, मी परत पाठवतो, मग शेजारच्या दुकानात जातात.

निपाणीकर
आकडे बरोबर असतील. पण आपल्याकडे "थांबून थांबून" ऐकलं की लोक "थांबा" एवढंच ऐकतात. चुलत्यांनी ताकद गेली म्हणून सुई सोडली आणि जडीबुटीवाल्याकडे गेले. वर्षाने पीएसए कुठल्या कुठे. शिवाय आपल्या भागात सुई चुकायला निमित्त लागत नाही. कार्ड कर्नाटकाचं, दवाखाना मिरजेचा नाहीतर कोल्हापूरचा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर दोन्ही सरकारं भांडली. पेशंटने काय करायचं? त्यात तुम्ही आधी संबंध थांबण्याची भीती घातलीत, तर निम्मे पहिल्या सुईलाच येणार नाहीत.

शहापूरकर
सोडा असं मी कुठे म्हटलं? चुलत्यांना आधीच सांगितलं असतं, की ताकद आणि इच्छा औषधाने जातेय, ठरलेल्या मुदतीपर्यंत सोसा, तर कदाचित जडीबुटीवाल्याची गरज पडली नसती. न सांगितल्यानेच माणूस पळतो. औषधवाले, १८ महिन्यांचं दाजींना सांगितलंय. पुढच्या तारखेला अक्का सोबत जाणार आहे. दाजी नको म्हणत होते, ती ऐकत नाही.

कुंदाप्रेमी
अक्का बरोबर आहेत. सुईने हाडं ठिसूळ होतात, स्नायू जातात, साखर वाढते, तेही त्याच फेरीत विचारा. वजन उचलायचा व्यायाम आणि चालणं सुरू करा म्हणावं. मागावरचं काम सोडू देऊ नका.

अनगोळची काकू
एक विचारते. सुई बंद झाल्यावर सगळं पूर्ववत होतं का? आमच्या यांचं तर कायमचंच गेलं, पण अक्कांना कळायला हवं.

औषधवाला
लगेच नाही, काकू. शेवटच्या सुईचा असर उतरायला काही महिने जातात, त्यानंतर टेस्टोस्टेरॉन हळूहळू चढतं. वय जास्त आणि सुया जास्त दिवस घेतल्या असतील तर वर्षही लागतं, काहींचं पूर्वीइतकं येतच नाही. शेकाचा ताठरतेवर वेगळा परिणाम होतो, तो उशिरा दिसतो. सुई संपल्यावर पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासायला सांगा, नाहीतर दाजी वाट बघत बसतील आणि कशाची ते कुणाला कळणार नाही.