शब्दचर्चा: 'केवल शून्य' की 'निरपेक्ष शून्य'? आणि केल्विनला अंश लावायचा का?

मितभाषी: मुलांसाठी एक विज्ञानलेख मराठीत आणतेय. मी लिहिलं, 'द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो.' संपादकांनी केलं '७७ अंश केल्विन'. शिवाय 'absolute zero', म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही ते शून्य, यासाठी माझं 'निरपेक्ष शून्य' खोडून 'केवल शून्य'. कोणाचं बरोबर?

निवृत्त मास्तर: अंश काढा. १९६७-६८ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने तो अधिकृतपणे काढला. सेल्सिअसचं शून्य ही बर्फ वितळण्याची सोयीची खूण. केल्विनचं शून्य म्हणजे तळच, उणे २७३.१५ सेल्सिअस. मीटर, किलोग्रॅमला अंश लावतो का आपण? जुन्या पुस्तकांत मात्र 'के'च्या डोक्याशी तो गोल असायचाच. संपादक आमच्या पिढीचे दिसतात!

बे एके बे: मग रँकिनचं काय, मास्तर? तिथंही शून्य तेच, फक्त पायरी फॅरनहाइटची. बर्फ वितळतो ४९१.६७ ला. तरी 'अंश रँकिन' सर्रास लिहितात. म्हणजे हा तर्क नव्हे, ठराव आहे.

निवृत्त मास्तर: ठराव तर ठराव. पाळायचा.

वऱ्हाडी ठेचा: 'केवल शून्य' वाचून पोरगं म्हणेल, फक्त शून्य? बाकी काही नाही?

बे एके बे: 'केवल' म्हणजे शुद्ध, एकटं. कैवल्य त्यातूनच आलं. उलट 'निरपेक्ष' म्हटलं की मला सत्कार समारंभातली निरपेक्ष सेवा आठवते.

मितभाषी: पण कशाच्याही अपेक्षेने न ठरणारं, हा अर्थ 'निरपेक्ष'मध्येच आहे ना? लेखात पुढे असंही आहे की २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर तापमान 'दुप्पट' होत नाही.

वऱ्हाडी ठेचा: का नाही होत? विसाचे चाळीस झाले की.

निवृत्त मास्तर: फॅरनहाइटमध्ये करून बघा. ६८ चे १०४ होतात, दुप्पट कुठं? २० सेल्सिअस म्हणजे २९३ केल्विन. दुप्पट करायचं तर ५८६ केल्विन, म्हणजे ३१३ सेल्सिअस. खरं शून्य धरल्याशिवाय पट काढता येत नाही.

वऱ्हाडी ठेचा: ३१३! आम्ही ४५ लाच जातो कामातून.

काठावरची: केल्विन ही ग्लासगोतली नदी, माहितीये ना? ज्यांच्यावरून हे एकक आलं त्या शास्त्रज्ञ विल्यम थॉमसनना १८९२ मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या त्या नदीचं नाव घेतलं त्यांनी. आपली तापी तर सूर्याचीच मुलगी. एककाला तिचं नाव जास्त शोभलं असतं.

बे एके बे: म्हणजे नायट्रोजन ७७ तापीला उकळणार?

काठावरची: हसा! पण 'ताप', 'तापमान' आणि 'तापी' एकाच धातूचे, हे विसरू नका.

मितभाषी: मंडळी, केवल की निरपेक्ष?

वऱ्हाडी ठेचा: त्याआधी एक सांगा. बातम्यांत हवा सेल्सिअसमध्ये, मग घरी पोराला ताप आला की तो १०२ कसा? आजीला ३८.९ सांगितलं तर ती म्हणेल, उतरला वाटतं.

काठावरची: आणि आमच्याकडे 'त्याला टेंपरेचर आहे' म्हणतात. अहो, टेंपरेचर कोणाला नसतं?

बे एके बे: केवल शून्याला.

निवृत्त मास्तर: चूक. शून्य केल्विन हेही तापमानच. आणि 'निरपेक्ष' म्हणा.