मदत हवी आहे: नळाच्या पाण्याला वास येतोय, कोणता आरओ घेऊ?

प्राजक्ता_पी:
सकाळी पाणी आलं की पहिली बादली पिवळट आणि घाण वासाची. धाकट्याला कालपासून जुलाब होतायत. टीडीएस मीटर १२० दाखवतोय, म्हणजे पाणी चांगलंच असायला हवं ना? संध्याकाळी आरओ घ्यायला निघतोय. मॉडेल सुचवा, प्लीज लवकर.

विन्या:
शहर कोणतं? नळ थेट लाइनचा की टाकीचा? टँकर येतो का? वास ब्लीचिंगचा की गटाराचा?

देशमुखकाका:
आमच्याकडे कित्येक वर्षं आरओ आहे, कधी पोट बिघडलं नाही. डोळे झाकून घ्या. मॉडेल व्यनि (खासगी निरोप) करतो.

नीलांबरी:
काका, टीडीएस १२० असताना आरओ कशाला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (१०५००) ५०० पर्यंत चालतो. मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. थोडं सांडपाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल.

देशमुखकाका:
आरओत जंतूही अडकतात. उगाच घाबरवू नका.

नीलांबरी:
अडकतात, पण दात घासायला, भाजी धुवायला कोणतं पाणी वापरणार? ते नळाचंच ना?

मुलुंडकर:
आम्ही भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी थेट नळाचं पितो. पुण्यामुंबईत हाच फरक.

नीलांबरी:
पुणे आहे हे कुठे म्हणाल्यात त्या? आणि तुमच्याकडेही सोसायटीची टाकी धुतली नाही तर शुद्धीकरण करून उपयोग काय?

प्राजक्ता_पी:
पुणेच, धायरीच्या बाजूला. स्वयंपाकघरात थेट लाइन, बाकी टाकी. वास गटारासारखा. टँकर फक्त टाकीत पडतो.

विन्या:
धायरी असेल तर अजिबात थांबू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले होते, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब घडवणारा जंतू सापडला होता. पिण्याचं पाणी खळखळून उकळा, उकळी आल्यावर किमान एक मिनिट. पहिलीच बादली घाण येते त्याचं कारण बहुधा हे: पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, फुटका सांधा ड्रेनेजजवळ असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटताच तीच आधी येते. शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर गळती बाहेरच्या लाइनवर. आजच लेखी तक्रार करा.

मीना_जो:
रात्री तुरटी फिरवून ठेवा, सकाळी पाणी आरशासारखं.

नीलांबरी:
मीनाताई, तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतात असं नाही. स्वच्छ दिसलं म्हणून लेकराला पाजायचं का? प्राजक्ता, बाळ किती वर्षांचं? लघवी होतेय ना नीट?

प्राजक्ता_पी:
दीड वर्षाचा. सकाळपासून एकदाच झाली.

नीलांबरी:
मग आरओ राहू दे, आधी डॉक्टर. आत्ता. जाताना उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएस चमच्याचमच्याने पाजत राहा.

केतन_सा:
याच पाण्याने केस गळतात का? माझे फार गळतायत.

प्राजक्ता_पी:
निघतोच आहोत. नमुना तपासायला घरची बाटली चालेल का?

विन्या:
नाही. प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्या, तिच्यात क्लोरीन मारायचं औषध असतं, ते विसळून टाकू नका. पहिल्या धारेचा नमुना वेगळा, टाकीचा वेगळा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्लोरीन मात्र या बाटलीतून नाही, नळाशीच मोजायला सांगा, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.