व्हाइटनरच्या खुणांवर टायमिंग बेल्ट बदलायचा?

गोटीपाना_कोल्हापूर
डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलल्याची पोस्ट काल वाचली. म्हणणं असं की जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करा, त्या नव्या बेल्टवर उतरवा आणि चढवा. क्रँक-कॅमची नेमकी जागा दाखवणाऱ्या लॉकिंग पिना आणि ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क पाना ही म्हणे गॅरेजवाल्यांची पैसे उकळायची नाटकं. खाली ‘मी पण या रविवारी करतो’ म्हणणाऱ्यांची रांग लागलीय, म्हणून लिहायला बसलो.

माझं उद्यमनगरात गॅरेज आहे. डस्टर, टेरानो, मायक्रा, व्हेरिटो, या सगळ्यांच्या डिझेलमध्ये तेच १.५ लिटरचं के९के इंजिन. बेल्ट तुटला किंवा टायमिंग चुकलं की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) खोलावं लागतं. बेल्ट उतरवल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात. तो जरा सरकला की तुमची खूण एकीकडे आणि दात दुसरीकडे. आणि आधीच्या माणसाने एक दात चुकवून ठेवला असेल तर? व्हाइटनर ती चूक जशीच्या तशी नव्या बेल्टवर आणतो. क्रँकची पिन ब्लॉकमध्ये आणि कॅमची पिन हेडमध्ये, दोन्ही बिनबोभाट बसल्या तरच टायमिंग बरोबर. घरी करू नका असं मी म्हणत नाही. पिनांशिवाय करू नका.

रविवारचा_कारागीर
अहो साहेब, ती पोस्ट माझीच. शेवटपर्यंत वाचलीत का? क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा परत जुळल्या, कुठे अडकलं नाही, तेव्हाच स्टार्टर मारला. गाडी लोणावळ्याचा घाट चढून आली. आधीच्या वेळी ज्या गॅरेजात बेल्ट बदलून घेतला तिथला मुलगा खडूनेच खुणा करत होता, मी शेजारी उभा होतो. तिथे मजुरी पूर्ण घेतली. मग मी केलं तर पाप?

डस्टरवाला_नाशिक
कारागीरसाहेबांच्या बाजूने. माझ्या बिलात पूर्ण किट होतं: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप. पुढच्याच उन्हाळ्यात पंपाकडून गळती सुरू झाली. दुसऱ्याकडे खोललं तर बेल्ट नवा आणि पंप कंपनीतून आलेला तोच, गंजलेला, बेअरिंग हाताने हलत होतं. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तो जाम झाला असता तर बेल्ट गेला असता, मग हेड. पहिल्याकडे विचारायला गेलो तर मालक म्हणतो, ‘पोराने विसरलं असेल.’ असं झाल्यावर माणूस स्वतः पाना हातात घेणार नाही तर काय करणार?

गोटीपाना_कोल्हापूर
नाशिककर, तुमचं झालं ते वाईटच. पण एका लबाडावरून आम्हा सगळ्यांना झोडपू नका. काढलेला पार्ट मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. कुठेही गेलात तरी हक्काने मागून घ्या. आणि खडू-खुणांवर काम करणारं गॅरेज चुकतंच, ते आपल्या धंद्यातलं आहे म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही.

तळमजला_ठाणे
कारागीर, पंप बदललात म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) काढलंत. ते गेलं कुठे? कालच्या पोस्टच्या तिसऱ्या फोटोत जॅकच्या चाकाखाली हिरवं तळं दिसतंय. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मांजराला तर अगदी थोडंसं पुरतं. आमच्या इमारतीतली मांजरी अशीच गेली. आधी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती, मग जरा बरी वाटली, मग खाणंच सोडलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पार्किंगमध्ये कुणी गाडीचं काम करतं का?

रविवारचा_कारागीर
ताई, मी नंतर पाइप लावून धुतलं.

तळमजला_ठाणे
धुतलं म्हणजे उताराने गेटपाशी नेऊन साठवलंत. तिथेच भटकी कुत्री पाणी पितात.

डस्टरवाला_नाशिक
अहो, विषय टायमिंग बेल्टचा चाललाय. आणि गॅरेजवाले कूलंट कुठे ओततात? सरळ गटारात! तिथे कुणी फोटो काढत नाही, एवढाच फरक.

कमिटी_मेंबर_पिंपरी
विषय निघालाच आहे तर बोलतो. गाडी जॅकवर, इंजिनाचं एका बाजूचं माउंटिंग सोडलेलं, खाली लाकडी फळी आणि दुसरा जॅक, आणि शेजारी पोरं क्रिकेट खेळतायत. चेंडू गाडीखाली गेला की पोरगं मागचापुढचा विचार न करता आत शिरतं. आमच्याकडे हे डोळ्यांनी पाहिलंय. पार्किंग गाडी उभी करायला आहे.

रविवारचा_कारागीर
पार्किंगचे पैसे मोजलेत मी. दिवाळीत तुमचे मांडववाले महिनाभर तिथे बांबू ठेवतात, तेव्हा कमिटी कुठे असते? स्टँड लावले होते, दोरी बांधली होती. प्रत्येकाने येऊन मलाच शिकवायचं?

तळमजला_ठाणे
हो, शिकवायचं. विष तुम्ही सांडलंत. आणि नाशिककर, गॅरेजवाला गटारात ओततो म्हणून आम्ही जिन्याखाली ओतायचं, हा कुठला न्याय?

गोटीपाना_कोल्हापूर
ताईंचं बरोबर आहे. आमच्या गल्लीतही गटारात ओतणारे आहेत, त्यांना मी तोंडावर बोलतो, फरक पडत नाही. माझ्याकडे कॅन आहेत.

कारागीर, तुमचे दोन फेरे बरोबर होते, तेवढं मान्य. पण त्याने आत्ता काही आदळत नाही एवढंच कळतं. एक दात चुकलेला असला तरी बहुतेकदा क्रँक फिरतो. गाडी चालते, घाटही चढते, पण ओढ कमी आणि धूर जास्त.

रविवारचा_कारागीर
ओढ तिसऱ्या गिअरला कमी वाटते खरी. मी एअर फिल्टर समजत होतो. पिना मागवतो आणि परत खोलून बघतो. तुमच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे नव्हे, गाडी माझी आहे म्हणून.

गोटीपाना_कोल्हापूर
मागवा. पिन फक्त जागा दाखवायला असते. तिच्या जोरावर क्रँकचा बोल्ट सोडायला जाल तर पिन वाकेल नाहीतर मोडून आत राहील. क्रँक सरळ दिशेनेच फिरवा, उलटा नाही. बेल्टला पीळ देऊ नका, मुडपू नका, आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. बेल्टला तेल लागलेलं असेल तर आधी ऑइल सील बदला, नाहीतर नवा बेल्टही खराब होईल.

तळमजला_ठाणे
आणि कूलंट?

रविवारचा_कारागीर
पंप परत काढायचा नाहीये. काढावा लागलाच तर खाली ट्रे ठेवीन.

तळमजला_ठाणे
ट्रे उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, मांजरं ट्रेमधूनच पितात. लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओता. फरशीवर पडलेल्यावर माती टाका, ती भरून पिशवीत बांधा, मग धुवा.