नाटकमंडळात पडद्यामागे राबून खरोखर काही शिकता येते का?

अंत्रुजकर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका गावात राहते. माझे वय ३६ असून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहते. आमच्या देवीच्या जत्रेला पालखी देवळात परतली की उत्तररात्री मराठी नाटक उभे राहते. गावातीलच हौशी मंडळी ते करतात आणि तालमी दोन-अडीच महिने आधीपासून देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातील यात्रेकरूंच्या इमारतीत, सुरू होतात. यंदा मंडळाच्या लोकांनी मलाही हातभार लावायला बोलावले आहे.

रंगमंचावर उभे राहण्याची मला इच्छा नाही आणि तो माझा पिंडही नाही. मला हाताला नवे वळण लावणारे एखादे काम शिकायचे आहे, मग ते नेपथ्याचे असो, कपड्यांचे असो किंवा दिव्यांचे. मनात भीती एवढीच आहे की काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कलामहोत्सवात मी चार दिवस स्वयंसेवक म्हणून गेले होते. तेथे मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका दारावर उभे करून येणाऱ्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधायला लावले आणि आत काय चालले आहे हे मला शेवटपर्यंत दिसलेसुद्धा नाही. चार दिवसांची रजा गेली, परतताना पदरात काहीच नव्हते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून मंडळाकडे नेमके कोणते काम मागावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आमच्या घरी कोंकणी बोलतात. मराठी मी रोज वाचते आणि लिहितेही, पण चारचौघांत बोलताना अडखळते. त्यासाठी या कामाचा काही उपयोग होईल का?

विंगेतून यांचे उत्तर:

ताई, तुमची भीती रास्त आहे, कारण ज्याला नेमके काम दिलेले नसते त्याच्या वाट्याला खुर्च्या आणि चहाच येतो. म्हणून पहिल्याच दिवशी सूत्रधारांना सांगा की मला एकाच माणसाच्या हाताखाली, एकाच कामावर, पहिल्या तालमीपासून प्रयोगानंतरच्या आवराआवरीपर्यंत राहायचे आहे. आठ दिवसांत पाच कामांना हात लावणाऱ्याला एकही काम येत नाही, हे मी तीसएक वर्षे पाहत आलो आहे.

मी प्रकाशयोजना करतो. कोणत्याही विद्यालयात ती शिकलो नाही. आमच्या गावचे नाटक कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरले, तेव्हा दिवे वाहून नेणारा मुलगा म्हणून मी पणजीतील कांपालला गेलो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली अकादमीची ती वास्तू १९८३ साली पूर्ण झालेली आहे. तेथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की दिवा कोठे टांगायचा, हा प्रश्न तो किती वॉटचा आहे याच्याइतकाच महत्त्वाचा असतो. त्यानंतर तीन वर्षे मी फक्त वायरी गुंडाळल्या, दिव्यांवर रंगीत कागद चढवले आणि माझे गुरू डिमरची, म्हणजे प्रकाश कमीजास्त करणाऱ्या यंत्राची, दांडी कोणत्या वाक्यावर किती सावकाश वर नेतात, ते मान वळवून पाहत राहिलो.

तुम्ही हिशेबातल्या आहात, म्हणून एक हिशेब सांगतो. एक हजार वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर वीज घेतो. त्यामुळे १५ अँपिअरच्या एका जोडणीवर तीनच दिवे लावायचे असतात आणि चौथा लावला की ऐन प्रवेशात फ्यूज जाण्याची वेळ येते. मंडपात वीज कोठून घेतली आहे, कोणत्या जोडणीवर किती भार आहे आणि जनित्र कधी सुरू करायचे, याची एक वही मंडळात असायलाच हवी. ती आमच्याकडे कित्येक वर्षे कोणीच ठेवत नव्हते. हे काम तुम्ही पहिल्या महिन्यातच करू शकाल आणि ते करता करता दिवे आपोआप समजू लागतील. प्रत्यक्ष जोडणीला मात्र परवानाधारक वायरमनशिवाय हात लावू नका. डिसेंबरच्या रात्री मंडपाबाहेर दंव पडते, जमीन ओली असते आणि पायांत चप्पल नसते.

डोळ्यांनी शिकण्याची एक गोष्ट सांगून थांबतो. एका नाटकात नायिकेला लालभडक शालू नेसवला होता आणि प्रवेश मध्यरात्रीचा, म्हणून मी संपूर्ण मंचावर गडद निळा प्रकाश टाकला. रंगीत तालमीत तो शालू चक्क काळा दिसू लागला. लाल कापड परतवू शकेल असा लाल प्रकाश निळ्या दिव्यात जवळपास नसतोच. त्या दिवसापासून कपडेपट ठरवायला बसतात तेव्हा मी दिव्यांच्या कागदांचे तुकडे घेऊन शेजारी बसतो.

शिवणटिपण यांचे उत्तर:

वरच्या उत्तरातील शालूची गोष्ट वाचली आणि मला माझीच आठवण झाली, कारण कपडेपटाची बाजू माझी आहे. मी डिचोली तालुक्यातील असून आमचे प्रयोग गावच्या मंडपाबरोबरच साखळीच्या रवींद्र भवन नाट्यगृहातही झाले आहेत.

मला घरची शिवण येत होती, पण नाटकाचा कपडा वेगळा असतो हे मला मंडळाने शिकवले. तो जवळून सुबक दिसला नाही तरी चालतो. दहाव्या रांगेतून तो नीट दिसला पाहिजे आणि अंधारात दीड मिनिटात अंगावरून उतरला पाहिजे. ऐतिहासिक नाटकात एका कलाकाराला नऊवारीतून पांढऱ्या साडीत यायला फक्त एका पदाएवढा वेळ होता. म्हणून मी नऊवारीच्या निऱ्या आणि काष्टा कमरपट्ट्यावर कायमचे शिवून टाकले आणि मागे वेल्क्रो लावला. तालमीत पेटी-तबला चालू असल्यामुळे काही कळले नाही, पण प्रयोगात नेमके पद संपले, सभागृह शांत झाले आणि विंगेत तो वेल्क्रो चर्रर करून उघडला. पहिल्या रांगेतील माणसांनी माना वळवल्या. त्या रात्री घरी येऊन मी वेल्क्रो उसवला आणि मोठे हूक लावले. चाचपून सापडावेत म्हणून प्रत्येक हुकाच्या बाजूला जाड दोऱ्याची एक गाठ मारली. ही गाठीची युक्ती मी आजही वापरते, अगदी शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी नाचाचे कपडे शिवतानासुद्धा, आणि ते काम आता मला पैसे घेऊन मिळते.

ताईंना सुचवते की कोणतेही काम घेतले तरी प्रयोगाच्या रात्री आपल्यावर निदान एक जबाबदारी अशी मागून घ्यावी की जी आपण केली नाही तर प्रवेश अडेल, मग ती एकच वस्तू योग्य हातात देण्याएवढी लहान का असेना. तयारीच्या दिवसांत माणूस पाहून शिकतो हे खरे, पण ती जबाबदारी अंगावर आल्याशिवाय मन खरे एकाग्र होत नाही.

रंधा यांचे उत्तर:

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते कोणाचा उत्साह घालवण्यासाठी मांडत नाही. माझे वडील सुतार होते आणि जत्रांच्या हंगामात मंच व फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या कापड ताणलेल्या लाकडी चौकटी, उभारणे हे आमच्या घरच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. गावोगावच्या मंडळांत बाहेरून बोलावलेल्या अभिनेत्रीला, दिग्दर्शकाला, तबलजीला बिदागी दिली जाते आणि ते योग्यच आहे, पण चौकट ठोकणाऱ्याची पाळी आली की 'गावचेच काम आहे, देवीची सेवा आहे' असे सांगून त्याला श्रीफळ देण्यात येते. एका मंडळाने माझ्या वडिलांकडून सलग दोन वर्षे लाकडाचे पैसेही न देता काम करून घेतले आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्या जागी सहा हौशी मुले उभी केली. त्या मुलांनी केलेली पायरी रंगीत तालमीतच निखळली.

म्हणून ताईंनी काम मागण्याआधी एवढे विचारावे की हे काम आजवर कोण करत होते आणि त्याला काय मिळत होते. जर एखादा कारागीर त्यावर पोट भरत असेल, तर त्याची जागा घेऊ नये. त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहावे आणि त्याची मजुरी चालू राहील असे मंडळाला स्पष्ट सांगावे. तसे केले तर शिकणेही जास्त होईल. करवतीने सरळ कापायला शिकवणारा माणूस शेजारी असेल तर महिन्यात हात बसतो, आणि फ्लॅटवर कापड ताणताना कोपऱ्यापासून सुरुवात न करता चारही बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे का जायचे, हे एकदा त्याने करून दाखवले की जन्मभर लक्षात राहते. मधून सुरुवात केली की ताण सारखा बसतो, सुरकुती सरकत सरकत कोपऱ्यात जाते आणि तेथे दुमडून टाकता येते.

रात्री दोन वाजता घरी परतण्यासाठी वाहनाची सोय कोण करणार, हेही आधी ठरवून घ्यावे. ही मागणी करताना संकोच करू नये.

सुवारी यांचे उत्तर:

नाटकाचा विषय असला तरी घुमट या आमच्या मातीच्या तालवाद्याबद्दल दोन ओळी लिहितो, कारण शिकण्याची रीत तीच आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत आरत्यांसाठी घरोघर फिरणाऱ्या आमच्या पथकात मी पंचविशीनंतर आलो आणि पहिले वर्षभर फक्त कांसाळे, म्हणजे झांजा, वाजवले. घुमटाचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताने वाजवताना डावा तळवा त्या उघड्या तोंडावर कमीजास्त झाकून नाद बदलायचा असतो. हे कोणी तोंडाने शिकवू शकत नाही, शेजारी बसूनच ते अंगात येते. पूर्वी मढवायला घोरपडीचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे लावतात आणि त्याचा ताण सांभाळणे हीच एक वेगळी विद्या झाली आहे. ती मला पथकातील एका वयस्क मामांनी शिकवली, आणि तीसुद्धा मी सलग दोन चवथी त्यांची वाद्ये उन्हात ठेवून परत आणण्याचे काम केल्यानंतर.

जुनी शाळा यांचे उत्तर:

अंत्रुजकर, तुमच्या प्रश्नातील शेवटच्या परिच्छेदाकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहिते. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली अनेक वर्षे आमच्या गावच्या नाटकात सूचकाचे, म्हणजे प्रॉम्प्टिंगचे काम करते. बोलताना अडखळणाऱ्या माणसाने हेच काम मागावे, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे.

लोकांना वाटते की प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत बसून संहिता वाचणारा माणूस. प्रत्यक्षात त्याला संहितेतील प्रत्येक वाक्य कलाकाराच्याही आधी मनात म्हणावे लागते. दोन महिन्यांत तालमींना चाळीस वेळा तेच संवाद कानांवर पडतात आणि जिभेवर घोळतात. आपल्याकडे घरी कोंकणी बोलणाऱ्यांचा 'अ' थोडा गोल होतो आणि त्यात गैर काही नाही, ती आपली मायबोलीच आहे. पण नाटकातील भारदस्त मराठी वाक्य उच्चारताना तो कोठे सरळ ठेवायचा, हे तालमीत दिग्दर्शक इतरांना सांगतात तेव्हा आपणही ऐकत असतो. मला स्वतःला 'चार' आणि 'चमचा' यांतील दोन वेगळे 'च' शिकवताना जेवढे कळले नव्हते, तेवढे या कामात कळले.

कामाची रीत थोडक्यात सांगते. संहितेची स्वतःची प्रत हाताने लिहून काढावी, कारण लिहिताना वाक्याचा तोल समजतो. कलाकार मुद्दाम थांबतो तेथे तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारावी, नाहीतर त्याने घेतलेला विराम विसर समजून आपण शब्द पुरवतो आणि सगळा प्रसंग फुकट जातो. खरोखर विसरलेल्या माणसाची नजर क्षणभर खाली किंवा विंगेकडे जाते, म्हणून कागदापेक्षा त्याच्या डोळ्यांकडे अधिक पाहावे. शब्द द्यायचे ते वाक्यातील पहिले दोनच, आणि ते कुजबुजून देऊ नयेत. कुजबुजीतील स-श चा फूत्कार प्रेक्षकांपर्यंत जातो, पण खालच्या पट्टीत नीट उच्चारलेला शब्द कलाकारापाशी थांबतो. वाचायच्या दिव्याला निळा कागद गुंडाळावा आणि दिवा मांडीवर, संहितेच्या आड ठेवावा.

रंधा यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. या कामामुळे कोणाची मजुरी जात नाही, हेही ते सुचवण्यामागचे एक कारण आहे.

अंत्रुजकर यांचे उत्तर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे छापून काढून मी परवा तालमीला घेऊन गेले. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारले, तेव्हा कळले की मंच उभारणारे मेस्त काका गेल्या वर्षीपासून फक्त खर्चाच्या पैशांवर काम करत आहेत. मंडळाच्या खजिनदारांनी वर्गणीच्या वहीत त्यांच्या मजुरीचा वेगळा रकाना घालायचे मान्य केले आहे आणि ती वही यापुढे मी लिहिणार आहे. विजेच्या भाराची वही आमच्याकडेही नव्हती, तीही मी सुरू केली.

काम मात्र प्रॉम्प्टिंगचेच मागितले आणि मिळाले. पहिल्या अंकाची ३१ पाने लिहून झाली आहेत. काल पहिल्यांदा बसले, तेव्हा सासऱ्याची भूमिका करणारे गृहस्थ 'सूनबाई' म्हणून थांबले आणि मी लगेच पुढचे शब्द दिले. त्यांनी वळून शांतपणे सांगितले, "बाय, हांव थंय रडटां." म्हणजे, बाई, मी तेथे रडतो. मी तेथे तांबडी रेघ मारली. आज रात्री आठला दुसऱ्या अंकाची तालीम आहे. डाव्या विंगेत बसावे की उजव्या, याबद्दल जुनी शाळा यांनी काही सांगितले तर बरे होईल, कारण आमच्या मंचावर डावीकडे तबला-पेटी बसते आणि तेथून मला नायिकेचा चेहरा दिसत नाही.